उजव्या पराचे मासे

पाहुण्यांसाठी मासे आणायला गेलेल्या बाईला बर्फावरचा मासा ओळखीचा निघावा, हे खरं तर हसण्यासारखंच. ती हसलीसुद्धा. म्हणजे तोंड हसल्यासारखं झालं आणि मग ते मिटायचं राहूनच गेलं. शनिवारची दुपार, दुकानात ही गर्दी, ढकलगाड्यांची चाकं कुरकुरतायत, कुणाचं तरी पोर बिस्किटांसाठी भोकाड पसरून बसलंय, आणि ही मासळीच्या काउंटरपुढे वाकून उभी. काउंटरमागचा माणूस कुठला देऊ, कुठला देऊ म्हणून विचारून कंटाळला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. माशाकडे बघायची तिची रीत ठरलेली होती. आधी डोळा, मग कल्ला, मग पोट, मग पोटाखालचे दोन पर. लोक ताजेपणा बघतात, ही आजार बघायची. इतकी वर्षं तेच करून करून सवय हाडात गेली होती, आणि म्हणूनच नवरा तिला मासे आणायला सहसा पाठवत नसे. आज तो ऑफिसात अडकला म्हणून ही आली. तर डोळा स्वच्छ, कल्ला लाल, पोट घट्ट, पोटाखाली डावा पर जागेवर आणि उजवा नाही. मुळापासून कापलेला. कापही सरळ नव्हता, शेपटीकडून वर चढत गेलेला, तिरका. असा काप घेणारं माणूस तिच्या माहितीत एकच होतं, तिची थोरली बहीण. ताई डावरी होती आणि उजव्या हाताची कात्री डाव्या हाताने हाणायची. माशाच्या कुशीवर नाण्याएवढा फिका डाग होता, तिथले खवले उलटसुलट उगवलेले, म्हणजे जखम होऊन भरून आलेली. तिने हाच द्या म्हणून सांगितलं. साफ करून देऊ का, असं त्या माणसाने विचारलं, तर नको म्हणाली, आहे तसाच द्या.

आता यात पायाखालची जमीन सरकण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं. ती माशांच्या रोगांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत होती. घरात तिला माशांची डॉक्टर म्हणत, आणि कुणी शिंकलं की मासा शिंकला का बघ म्हणून चिडवत. ज्या प्रथिनापायी तिने आपली उमेदीची वर्षं घालवली, ते माशाच्या रक्तात आणि अंगावरच्या बुळबुळीत थरात मुळातच थोडंसं असतं. रोगाचा जिवाणू आत शिरला की ते जाऊन त्याला चिकटतं. बस्स, एवढंच. मारत नाही, हुसकून लावत नाही. ते चिकटलं की अंगातल्या गिळणाऱ्या पेशींना कळतं, हा आपल्यातला नव्हे, आणि मग त्या त्याला गट्ट करतात. हे तिने ताईला समजावून सांगितलं तेव्हा ताई म्हणाली होती, म्हणजे चुगलखोरच की गं तुझं ते. तर हा चुगलखोर तिने प्रयोगशाळेत तयार केला आणि माशांच्या खाद्यात मिसळला. प्रयोग झाला ताईच्या हौदांवर. हौद वडिलांचे, वडिलांच्या मागे ताई चालवत होती. तिथे रोग मुद्दाम आणायची गरजच नव्हती. दरवर्षी पाणी तापलं की तो आपल्या पायांनी यायचा, माशांच्या अंगावर फोड उठायचे आणि मासे उताणे तरंगायला लागायचे. मग हौदात औषध ओतायचं, आणि ते औषध दरवर्षी आधीच्या वर्षापेक्षा कमी लागू पडायचं. म्हणून या वर्षी निम्म्या माशांना प्रथिनाचं खाद्य दिलं आणि त्यांचा डावा पर कापला, निम्म्यांना साधं खाद्य दिलं आणि त्यांचा उजवा कापला, आणि पाणी तापायच्या बेताला सगळ्यांना एकाच हौदात सोडलं. एकच पाणी, एकच रोग, मग कुणाला बोलायला जागा नको. रोज सकाळी ताई मेलेले मासे जाळीने काढायची, पोटाखाली बघायची, चुन्यात पुरायची आणि फोन करायची. डावे इतके, उजवे इतके. शेवटी डावे जवळजवळ सगळे वाचले. उजवे वाचले फक्त दोन, आणि ते दोन्ही तिच्या प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये होते. तिसरा असूच शकत नव्हता. आणि तो तिच्या पिशवीत होता, बर्फाचं पाणी तिच्या चपलेवर ठिबकत होतं. सोमवारी अहवाल वर जायचा होता. तो मंजूर झाला की पुढच्या हंगामापासून कारखान्यातून सगळ्या हौदवाल्यांना हेच खाद्य जाणार आणि औषध बंद होणार. तो अहवाल खोटा असला, तर कोण जाणे कुणाकुणाच्या हौदातले मासे उताणे तरंगणार. आणि खोटा आहे म्हणून सांगावं, तर प्रयोगातला मासा बाजारात जाणार नाही अशी ताईची लेखी हमी होती. ती मोडली तर परवाना जाणार, हौद बंद, ताई घरी. घरी म्हणजे कुठे, हाही प्रश्नच होता, कारण ताई हौदांच्या कडेच्या दोन खोल्यांतच राहायची.

घरी येऊन तिने मासा सिंकमध्ये ठेवला आणि पुढे उभी राहिली. त्याचा फोटो काढावा, पर कापून बाटलीत घालावा, असं तिला वाटत होतं. तिने काहीच केलं नाही. तिला आठवत होते ते फोन. सुरुवातीचे दिवस ताईचा आवाज वैतागलेला असायचा, मधेच ती पंपाला शिव्या घालायची, मधेच जाळी फाटल्याचं सांगायची, आकडा विसरायची आणि थांब गं, बघून येते म्हणून परत जायची. मग एका सकाळी ती म्हणाली, आज उजवे कुणी नाही, कालही नव्हते, तुझे साधे खाद्यवालेही सावरलेत बघ. ती चांगली बातमी सांगितल्यासारखी सांगत होती. हौदवाल्या माणसाला मासा जगला की बरंच वाटणार. आणि ही, फ्रीजरचं दार उघडं, हातात नळ्यांचा ट्रे, काय म्हणाली होती? मग संपलंच सगळं, म्हणाली होती. दोन्हीकडचे जगले तर फरक काय राहिला, मी काय दाखवू लोकांना, माझी एवढी वर्षं पाण्यात. आणि चक्क रडली होती. या वयाची बाई, विभागात जिला सगळे थोडे टरकून असतात, ती बहिणीपाशी फोनवर मुसमुसून रडली होती. ताई म्हणाली, रडू नकोस, अजून काही सगळं संपलं नाही. दुसऱ्या सकाळपासून उजवे परत मरायला लागले. रोज तीन, रोज चार. ताईचा आवाजही सपाट झाला, पंप नाही, जाळी नाही, नुसता आकडा. आणि आकडा ऐकून ही फोन ठेवायची आणि गुणगुणत कामाला लागायची. हे गुणगुणणं तिला आत्ता, सिंकपाशी, आठवलं आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

नवरा आला तोच घाईत आला. अगं, अजून साफ नाही केलास, म्हणाला, माशांची डॉक्टर आणि माशाला हात लावायला घाबरते. तो बोलायचा फार, पण स्वयंपाकात हुशार होता. सुरी घेऊन उभा राहिला, खवले उडायला लागले, टाइलवर चिकटायला लागले. एक शब्द बोलली असती तर तो थांबला असता. ती कांदा चिरत राहिली. त्याने सगळे पर कात्रीने कापले, पोट फाडलं, आतडी कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकली, आणि कुशीवरचा डाग बघून म्हणाला, याला काय झालं होतं गं? लागलं असेल कशाने तरी, ती म्हणाली. पाहुणे म्हणजे त्याच्या ऑफिसातला एक जण आणि त्याची बायको. दोघांनी मासा मिटक्या मारत खाल्ला. पाहुणीने तिला विचारलं, तुम्ही दिवसभर माशांतच असता, खावासा वाटतो का? यावर नवऱ्याने ठेवणीतला विनोद केला, की पेशंट दगावला की खायचा, तोवर नाही. सगळे हसले. तिने खाल्ला. मांस घट्ट होतं, गोडसर होतं, मासा चांगला पोसलेला होता. घासागणिक पुरावा कमी होत होता आणि तिला बरं वाटत होतं, हे तिच्या लक्षात येत होतं, आणि तरी ती काटे काढून ताटाच्या कडेला नीट ओळीने लावत होती.

लहानपणी तिला गोवर निघाला होता. घरात पलंग एकच होता, दोघी बहिणी एकत्र झोपायच्या, आणि वेगळं झोपवायला जागा नव्हती, की कुणाला सुचलं नाही, कोण जाणे. ताप फणफणलेला, अंगावर पुरळ, डोळ्यांना उजेड सोसत नाही, खिडकीवर चादर टाकलेली. तिला अजून आठवायचा तो ताईचा गार पाय. ती सारखी आपले पाय त्या गार पायाला लावायची. ताईला काही झालं नाही. पुरळ नाही, ताप नाही, साधी शिंक नाही. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, हिला काही होत नाही, ही म्हणजे दगड आहे. तेव्हापासून घरात ते ठरूनच गेलं. ताईला काही होत नाही. वडील गेले तेव्हा ताईने कॉलेज सोडलं आणि हौद बघायला लागली, तर तिला काही झालं नाही. ही शिकत राहिली, बाहेर राहिली, परीक्षा, शिष्यवृत्त्या, मोठमोठी माणसं, आणि सुट्टीत घरी आली की ताईच्या हातांना चुन्याचा वास यायचा आणि ती विचारायची, काय गं शहाणे, जेवलीस का? ताईला काही हवं होतं का, हे कुणी विचारलं नाही. हिनेही नाही. पण त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नव्हतं, हे खरं. एखादं सामान जागच्या जागी असावं तशी ताई होती. रविवारी सकाळच्या बसमध्ये बसून ती याचा विचार करत होती आणि आपल्याला आणखी वाईट वाटायला पाहिजे, असं तिला वाटत होतं. बस जवळजवळ रिकामी होती. पुढच्या सीटवरचा म्हातारा खिडकीला डोकं टेकून झोपला होता, बस वळली की त्याचं डोकं काचेवर आपटायचं आणि तो डोळे न उघडता परत टेकवायचा. तिला कळत होतं की खरा प्रश्न ताईने काय केलं हा नाहीच. ते तिला काउंटरपाशीच कळलं होतं. खरा प्रश्न असा की आपल्याला हे आधी कधी कळलं होतं? तो सपाट आवाज ऐकताना? की त्याच्याही आधी, रडताना? आपण कुणापुढे रडतोय आणि रडल्यावर ते माणूस काय करतं, हे तिला जन्मापासून माहीत होतं.

ताई हौदाच्या कडेवर उकिडवी बसून खाद्य टाकत होती. गमबूट, कोपरांपर्यंत ओल्या बाह्या, आणि ओठ मुडपलेले. ही अशी न कळवता आलेली बघून तिला काही वाटलं असलं तरी तिने दाखवलं नाही. चहा टाकते म्हणाली. नको, म्हणाली ही. मग दोघी हौदातल्या माशांकडे बघत राहिल्या. दाणे पडले की पाणी उकळल्यासारखं व्हायचं आणि परत शांत व्हायचं.

"काल दुकानात मला उजवा मासा मिळाला," ती म्हणाली.

ताईने मूठ झटकली. नाकारलं नाही, आढेवेढे घेतले नाहीत, की डोळ्यांत पाणीही आणलं नाही. तू रडलीस ना, म्हणाली, एवढंच जणू कारण आणि एवढंच पुरेसं. जगणारे उजवे ती रोज थोडे थोडे जाळीने काढून मागच्या हौदात सोडत होती आणि फोनवर मेले म्हणून सांगत होती. खरंच मारून पुरायचे, तर ते तिच्याने झालं नाही. धडधाकट मासा चुन्यात कसा घालायचा, तिने विचारलं. मग विक्रीचा ट्रक आला तेव्हा तेही दुसऱ्या माशांबरोबर गेले. कोण कुणाच्या पोटाखाली बघतंय, असं तिला वाटलं. एवढ्या मोठ्या शहरात तो एक मासा नेमका तुझ्याच ताटात यायचा होता, म्हणाली, आणि थोडीशी हसली. दोघीही हसल्या. मग हिने विचारलं, उजवे सावरले ते नक्की कधी? हे तिने का विचारलं कोण जाणे, हाताला लागलेली सवय. ताई म्हणाली, कधी म्हणजे काय, डाव्यांच्या जखमा भरल्या ना, त्याच्या पाठोपाठच. आधी उजवे पटापट जात होते, मग डावे चांगले झाले, पाण्याचा तो घाण वास गेला, आणि उजवे मरायचेच थांबले. एकदम. मला तर वाटलं, तुझं औषध पाण्यातून त्यांनाही लागलं.

ती हौदाच्या कडेवर बसली. कड ओली होती, कपड्यांतून गार पाणी आत आलं, तरी ती उठली नाही. प्रथिन पाण्यातून लागत नाही. पण ज्या माशाच्या अंगात जिवाणू टिकतच नाही, तो पाण्यात जिवाणू सोडतही नाही. डावे बरे झाले तसं पाणी हलकं झालं, आणि त्या हलक्या पाण्यात ज्यांना काही म्हणजे काहीच दिलं नव्हतं ते उजवेही तगले. निम्म्यांना द्यावं आणि सगळे वाचावेत. तिच्या अहवालात होतं त्याहून हे कितीतरी मोठं होतं. तिने मागितलंही नसतं, एवढं मोठं. ते तिच्यापुढे घडलं होतं, फोनवर सांगितलंही होतं कुणीतरी, आणि ती रडली होती, मग संपलंच म्हणून. आता त्यातलं काय उरलं होतं? अर्धे आकडे खोटे, मासे लोकांनी खाल्लेले, आणि एक तर तिने स्वतः खाल्लेला. तिने हे सगळं ताईला सांगितलं, सावकाश, प्रयोगशाळेतल्या नव्या मुलींना सांगते तसं, आणि ताईला ते पहिल्याच झटक्यात कळलं, कारण पाणी तिला कळायचंच. ताईने खाद्याच्या घमेल्यात हात घातला आणि तो तसाच आत राहू दिला. मग म्हणाली, म्हणजे ते जगले हे तुझ्या फायद्याचं होतं. हो, म्हणाली ही. आणि मी ते विकून टाकले, ताई म्हणाली. तिचा चेहरा असा झाला, की तसा हिने कधीच पाहिला नव्हता. ताईला काहीतरी झालं होतं. हिला जवळ जावंसं वाटलं आणि जमलं नाही.

मग तिने फोन काढला. विभागप्रमुख रविवारी सकाळी घरी असतात आणि फोन उचलतात, हे तिला माहीत होतं. काय बोलायचं ते बसमध्येच ठरलं होतं, म्हणजे ठरवल्यासारखं वाटलं नव्हतं, पण शब्द तयार होते. नोंदी घेताना माझी गफलत झाली, डावे उजवे माझ्याकडून उलटसुलट लिहिले गेले, प्रयोग रद्द समजा, पुन्हा करू. हे खोटं होतं, पण कुणाच्या हौदात शिरणारं खोटं नव्हतं. अहवाल थांबला असता, हिची अब्रू गेली असती, पद गेलं असतं कदाचित, ताईचे हौद राहिले असते. आयुष्यात एकदा तरी आपण ताईसाठी काहीतरी करतोय, असं वाटून तिचा आवाज जरासा चढलाही. सर, अहवाल थांबवा, ती म्हणाली, आकड्यांत चूक आहे, माझ्या हातून नोंदी घेताना...

"आण इकडे," ताई म्हणाली आणि ओल्या हाताने फोन काढून घेतला.

फोनच्या काचेवर खाद्याचा भुगा चिकटला. ताई उभी राहिली, मोठ्या माणसाशी बोलताना ती नेहमीच उभी राहायची, आणि तिने सांगितलं की मी हिची थोरली बहीण, हौद माझे आहेत, उजवे मासे मी काढले, आकडे मी खोटे सांगितले, हिला यातलं काही माहीत नव्हतं. शेवटचं वाक्य तिने हिच्याकडे न बघता म्हटलं. मासे बाजारात गेल्याचंही सांगितलं. पलीकडून विभागप्रमुख काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, ताई नुसती हो म्हणत होती, हो, हो, मीच, आणि मधे एकदा म्हणाली, नाही हो, हिला कशाला, हिचा काय संबंध? मग तिने फोन हिच्यासमोर धरला. तुझ्याशी बोलायचंय म्हणतात.

विभागप्रमुखांचा आवाज रागावलेला नव्हता. उलट, तिची कीव आल्यासारखा मऊ होता. तुमच्यासाठी फार अवघड आहे हे, म्हणाले, घरच्या माणसाने असं करावं म्हणजे. अहवाल मी थांबवतो. तपासणी खात्याला कळवावं लागेल, ते मला टाळता येणार नाही. तुमच्यावर काही येणार नाही, काळजी करू नका, फक्त एक सांगा, परवाना कुणाच्या नावावर आहे?

ताई घमेलं उचलून पुढच्या हौदाकडे निघाली होती. त्या हौदातल्या माशांची खायची वेळ झाली होती. तिची पाठ हिच्याकडे होती. अजून सांगता आलं असतं. मला माहीत होतं, मी रडले म्हणून तिने केलं, खोटे वाटणारे आकडे मी ऐकून घेतले आणि गुणगुणत बसले, असं सगळं सांगता आलं असतं, वाक्य तोंडाशी होतं, आणि पलीकडे सर वाट बघत होते.

"बहिणीच्या," ती म्हणाली.

आणि तिला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं, की नंतर ताईने हाक मारली, शहाणे, जेवूनच जा, तेव्हा तिला मान वर करून तिच्याकडे बघता आलं नाही.